पीट सीगर, बँजो आणि हडसन नदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीट सीगर हे नाव आपल्याकडे बहुतेकांना एका गाण्यापुरतं ठाऊक असतं. ज्या ‘वी शॅल ओव्हरकम’ या इंग्रजी गाण्यावरून ‘हम होंगे कामयाब’ आलं, ते जगभर पोचवणारा अमेरिकन लोकगायक, इतकीच ओळख. पण आयुष्याची शेवटची जवळजवळ पासष्ट वर्षं या माणसाने एका घाण झालेल्या नदीच्या काठी काढली, तिच्यावर गाणी रचली आणि तिच्यासाठी लोकवर्गणीतून गलबत बांधून घेतलं. त्याबद्दल क्वचितच बोललं जातं. गाणं आणि पर्यावरणाची चळवळ एकत्र येते तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पीट सीगर नेमके कोण?

जन्म ३ मे १९१९, न्यूयॉर्क. मृत्यू २७ जानेवारी २०१४, तोही न्यूयॉर्कमध्येच. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, आई कॉन्स्टन्स व्हायोलिनवादक. घरात अभिजात संगीताचं वातावरण होतं, पण १९३६ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या लोकसंगीत मेळाव्यात पीटनी पाच तारांचा बँजो ऐकला आणि ते त्या वाद्याचेच होऊन गेले. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सुटलं. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या हाताखाली त्यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काम केलं, मग लोकगायक वुडी गथ्रींबरोबर कामगारांच्या सभांमध्ये आणि संपांमध्ये गायले. १९५० साली त्यांच्या ‘द वीव्हर्स’ या चौघांच्या गटाचं एक गाणं तेरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही दाराशी आले होते. पुढे ते का टिकले नाहीत, ते खाली येईलच.

लोकगायक नदीच्या कामाला कसा लागला?

१९४९ साली पीट आणि त्यांच्या पत्नी तोशी यांनी न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, बीकन गावाजवळ डोंगरउतारावर सतरा एकर जमीन घेतली. झाडं तोडून, ओंडके रचून स्वतःच्या हाताने घर बांधलं. सुरुवातीला तिथे ना वीज होती, ना नळाचं पाणी. घरातून खाली हडसन नदी दिसते. पुढे पीटना लहान शिडाच्या होडीतून फिरायचा नाद लागला, आणि डोंगरावरून सुंदर दिसणारी नदी जवळून कशी आहे हे होडीत बसल्यावर कळलं. पाण्यात मैला तरंगत होता.

त्याच सुमाराला, १९६२ साली, रेचल कार्सन यांचं कीटकनाशकांवरचं लिखाण प्रसिद्ध झालं. त्याचा आपल्यावर फार परिणाम झाला, असं पीट नंतर अनेकदा सांगत. तोवर त्यांना वाटायचं की गोरगरिबांना या जगात त्यांचा वाटा मिळवून देणं हेच खरं काम. आता त्यांच्या लक्षात आलं की वाटा मिळेल तेव्हा पृथ्वी विषारी झालेली असेल, तर त्या वाट्याला काय अर्थ? हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पीटच्या मनात पर्यावरण हा सामाजिक न्यायाला पर्याय म्हणून आलाच नाही. तो त्याच लढ्याचा पुढचा भाग होता.

नदीवरचं त्यांचं पहिलं महत्त्वाचं गाणं याच काळातलं. वरच्या अंगाचे कागद कारखाने आणि खालच्या अंगाची शहरातली लक्षावधी शौचालयं, सगळी एकाच प्रवाहात रिकामी होतात, तरी ही नदी एक दिवस स्वच्छ होईल अशी आशा धरून गायक त्याच घाण पाण्यातून होडी नेतो, असा त्याचा आशय आहे. १९६६ साली त्यांनी ‘गॉड ब्लेस द ग्रास’ हा संपूर्ण अल्बम निसर्ग आणि प्रदूषण या विषयाला वाहिला. अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा व्हायला तेव्हा अजून चार वर्षं होती.

हडसनची अवस्था खरंच इतकी वाईट होती?

होय. हडसन सुमारे ५०७ किलोमीटर लांबीची नदी. ॲडिरॉन्डॅक डोंगरातल्या एका छोट्या तळ्यातून निघते आणि न्यूयॉर्क शहरापाशी समुद्राला मिळते. त्यातला खालचा जवळपास निम्मा भाग, ट्रॉयच्या धरणापर्यंत, भरती-ओहोटीचा आहे. म्हणजे कोकणी माणूस ज्याला खाडी म्हणेल तेच. यामुळे घाण सरळ वाहून जात नाही. ओहोटीला खाली गेलेली भरतीला परत वर येते.

मॅनहॅटनच्या पश्चिम भागातलं सांडपाणी १९८६ सालापर्यंत कसलीही प्रक्रिया न होता नदीत सोडलं जात होतं, रोज सुमारे १५ कोटी गॅलन. टॅरीटाउनला मोटारींचा कारखाना होता. त्या दिवशी गाड्यांना कोणता रंग देतायत, ते नदीच्या पाण्यावरून कळायचं असं काठचे लोक सांगत. क्रोटनजवळ रेल्वेच्या आवारातल्या पाइपातून तेल सुटायचं आणि तिथल्या माशांना तेलाचा वास यायचा. आणि या सगळ्यात डोळ्यांना न दिसणारं विष वेगळंच होतं. त्याबद्दल पुढे.

हे सगळं होत असताना पकिप्सीसारखी शहरं पिण्याचं पाणी याच नदीतून घेत होती. आजही घेतात.

नदी साफ करायला गलबत कशाला हवं होतं?

हा प्रश्न त्या वेळीही सगळ्यांनी विचारला. इतका पैसा उभा करायचा तर वकील नेमा, प्रयोगशाळा काढा, लाकडी बोट बांधून काय होणार?

एका मित्राने पीटना एक जुनं पुस्तक वाचायला दिलं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात हडसनवर चालणाऱ्या ‘स्लूप’ जातीच्या गलबतांची त्यात माहिती होती. एकच डोलकाठी, भलंमोठं शीड, रुंद पोट. विटा, गवत, धान्य, गुरं, माणसं, सगळी वाहतूक त्यांच्यावर चालायची. आगबोटी आणि रेल्वे आली आणि ती नाहीशी झाली. पीटच्या डोक्यात आलं की असं एक गलबत पुन्हा बांधू या आणि ते गावोगाव नेऊ या.

यामागचा विचार मला फार पटतो. १९६० पर्यंत काठावरच्या लोकांनी नदीकडे पाठ फिरवली होती. काठाला रेल्वेचे रूळ, गोदामं, कचऱ्याचे ढीग. मुलांना तिकडे जाऊ नको म्हणून सांगितलं जायचं. ज्या नदीजवळ कुणी जातच नाही, तिच्यासाठी भांडणार कोण? आधी लोकांना पाण्यापर्यंत आणायला हवं, आणि त्यासाठी बघावंसं वाटेल असं काहीतरी तिथे असायला हवं. नदीच्या प्रदूषणावर व्याख्यान आहे म्हटलं तर आधीच पटलेली माणसं येतात. शंभर वर्षांत न दिसलेलं गलबत धक्क्याला लागतंय आणि वर गाणंबजावणं आहे म्हटलं की अख्खं गाव येतं.

१९६६ साली ‘क्लिअरवॉटर’ ही संस्था स्थापन झाली. नदीकाठच्या हिरवळीवर गाण्याचे कार्यक्रम करून, प्रेक्षकांमध्ये झोळी फिरवून वर्गणी जमवायला सुरुवात झाली. गलबताची रचना सायरस हॅमलिन यांनी केली, बांधणी मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टॉल इथल्या हार्वे गॅमेज यांच्या गोदीत झाली आणि १७ मे १९६९ रोजी ‘क्लिअरवॉटर’ पाण्यात उतरलं. एकूण लांबी १०६ फूट, डोलकाठी त्याहूनही उंच, १०८ फूट. त्या उन्हाळ्यात गायकांचाच ताफा खलाशी होऊन ते मेनपासून न्यूयॉर्कपर्यंत घेऊन आला. बंदराबंदरात थांबून कार्यक्रम करायचे आणि बोटीचं कर्ज फेडायचं. पुढे खूप नाव कमावलेला तरुण डॉन मॅक्लीन त्या ताफ्यात होता.

बोटीवर नेमकं चालतं तरी काय?

क्लिअरवॉटर हे तरंगतं वर्गखोलीसारखं गलबत आहे. शाळेची मुलं चढतात. मोठं शीड वर चढवायला यंत्र नाही, दोराला वीस-पंचवीस हात लागतात, म्हणून मुलांनाच रांगेत उभं करून दोर हातात देतात आणि तालावर ओढायला लावतात. अशा वेळी गाण्याशिवाय चालत नाही. खलाशांची जुनी श्रमगीतं त्यासाठीच तर जन्माला आली.

शीड चढलं की जाळं टाकतात. वर आलेले मासे, खेकडे पाण्याच्या टाकीत ठेवून मुलांना दाखवतात आणि परत नदीत सोडतात. पाण्याचा नमुना घेऊन त्यातला क्षार, प्राणवायू, तापमान मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबातले जीव दाखवतात. कुणीतरी सुकाणू धरून बघतं. थोडा वेळ सगळे गप्प बसतात आणि नदीचा आवाज ऐकतात. मेलेली समजत होतो त्या नदीत एवढं जिवंत आहे, हे मुलाने एकदा स्वतःच्या हाताने जाळं ओढून पाहिलं की ते त्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. पन्नास वर्षांत पाच लाखांहून जास्त लोक या बोटीवर येऊन गेले आहेत. जगात नंतर निघालेल्या अशा कितीतरी शिक्षण-नौकांनी क्लिअरवॉटरकडूनच धडा घेतला. २००४ साली बोटीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाच्या यादीत झाली.

पण गाण्याचा यात खरा उपयोग काय? ते नुसतं गर्दी जमवण्यापुरतं नव्हतं का?

गर्दी जमवणं हा एक भाग झाला. पण पीटचं गाणं ऐकून घरी जायचं नसतं, ते गायचं असतं. हे ज्याने त्यांची एखादी जाहीर मैफल ऐकली आहे त्याला लगेच कळतं.

त्यांची एक रीत होती. ओळ गाण्याआधी ती पटकन बोलून सांगायचे, म्हणजे शब्द माहीत नसलेल्यालाही सामील होता येईल. मग सभागृहाचे भाग पाडायचे. या बाजूने खालचा स्वर धरा, त्या बाजूने वरचा. पाच मिनिटांत हजार अनोळखी माणसं तीन स्वरांत एकत्र गात असायची, आणि पीट स्वतः जवळजवळ गप्प होऊन मान मागे टाकून ऐकत असायचे. संगीताच्या दृष्टीने त्यांचा आवाज फार असामान्य होता असं मी म्हणणार नाही. लोकांकडून गाऊन घेण्याची हातोटी मात्र असामान्य होती.

आता हेच नदीच्या काठी आणा. तिथे आलेल्यांत कोण असायचं? जाळी गुंडाळायची वेळ आलेले मासेमार, स्वतःची शिडाची बोट बाळगणारे सधन लोक, केस वाढवलेली युद्धविरोधी पोरं, त्या पोरांचा राग येणारे निवृत्त सैनिक. यांना चर्चेला बसवलं असतं तर तासाभरात भांडण झालं असतं. एका गाण्यात मात्र ते शेजारी उभे राहू शकत. एकत्र गायल्याने मतं बदलत नाहीत. पण शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळून झाल्यावर त्याच्याबरोबर कचरा उचलायला जाणं सोपं होतं, आणि नगरपालिकेच्या सभेत एकाच बाजूला बसणंही.

त्यांच्या बँजोच्या कातड्यावर गोल अक्षरांत एक वाक्य लिहिलेलं असायचं. हे यंत्र द्वेषाला वेढा घालतं आणि त्याला शरण यायला लावतं, असा त्याचा अर्थ. वाद्याची मान त्यांनी मुद्दाम लांब करून घेतली होती, खालच्या पट्टीत गाता यावं म्हणून. लांब मानेचा हा बँजो पुढे कितीतरी लोकगायकांनी घेतला.

ते कम्युनिस्ट होते ना? काठावरच्या लोकांनी त्यांना स्वीकारलं कसं?

सहजासहजी नाही स्वीकारलं. १९४०च्या दशकात ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, दशक संपता संपता त्यांनी पक्ष सोडला. स्टालिनची क्रूरता आपण वेळेवर ओळखली नाही, याबद्दल त्यांनी पुढे जाहीर खेद व्यक्त केला.

४ सप्टेंबर १९४९ रोजी हडसनकाठच्याच पीकस्किल गावाजवळ गायक पॉल रोबसन यांच्या कार्यक्रमानंतर जमावाने परतणाऱ्या गाड्यांवर दगडफेक केली. पीटची गाडीही फुटली, आत लहान मुलं होती. गाडीत पडलेले काही दगड त्यांनी जपून ठेवले आणि घराच्या धुराड्याच्या बांधकामात बसवले. १८ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांना अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभं केलं गेलं. कुठे गायलात, कुणासमोर गायलात, कोणत्या पक्षाचे आहात? स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काची ढाल त्यांनी घेतली नाही. माझी मतं आणि माझी गाणी यांबद्दल असं विचारण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, अशी भूमिका घेतली. १९६१ साली एक वर्षाची शिक्षा झाली, १९६२ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. पण टीव्हीच्या मोठ्या वाहिन्यांचे दरवाजे १९६७ सालापर्यंत बंदच राहिले. त्या काळात ते शाळा, महाविद्यालयं, उन्हाळी शिबिरं अशा ठिकाणी गात राहिले. त्यांना ऐकून वाढलेली ती मुलंच पुढे चळवळींमध्ये आली.

बीकनमध्येही संशय होताच. साठच्या दशकात तिथल्या शाळेत त्यांचा कार्यक्रम होऊ नये म्हणून गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या होत्या. गलबताच्या संस्थेतही काही लोकांना वाटे की पीटच्या राजकारणामुळे बोटीचं नाव खराब होतंय. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. ज्या खोऱ्यात दगड खाल्ले तिथून ते गेले नाहीत. गावाचा धक्का म्हणजे उकिरडा झाला होता. तिथे जाऊन कचरा उचलायला लागले. महिन्यातून एकदा सगळ्यांनी घरून डबा आणायचा, एकत्र जेवायचं आणि गायचं, असा पायंडा तिथल्या स्लूप क्लबने पाडला. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत स्ट्रॉबेरीचा उत्सव, मक्याच्या दिवसांत मक्याचा, भोपळ्याच्या दिवसांत भोपळ्याचा. यायला कुणालाच अडचण वाटू नये असे कार्यक्रम. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि त्याच काठावरच्या बागेला आज पीट आणि तोशी सीगर यांचं नाव आहे.

तोशी सीगर यांचं नाव का घेतलं जातं?

कारण त्यांच्याशिवाय यातलं बरंचसं घडलं नसतं. तोशी ओटा यांचा जन्म १९२२ साली म्युनिकचा, वडील जपानी, आई अमेरिकन. १९४३ साली पीटशी लग्न झालं. नवऱ्याच्या डोक्यात रोज नवी कल्पना यायची. त्यातली कोणती शक्य आहे, तिला पैसा किती लागेल, माणसं कुठून येतील, हे तोशी ठरवायच्या. कार्यक्रमांच्या तारखा, पत्रव्यवहार, घरखर्च, तीन मुलं, सगळं त्यांच्याकडे. त्या चित्रपट माध्यमातही जाणत्या होत्या. टेक्सासच्या तुरुंगात कैद्यांनी झाडं तोडताना गायलेली श्रमगीतं त्यांनी आणि पीटनी १९६६ साली चित्रित केली.

क्रोटन पॉइंट इथे भरणारा क्लिअरवॉटरचा संगीत महोत्सव मुख्यतः त्यांनी घडवला. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी मंचावर खुणांच्या भाषेत गाणी सांगणारे दुभाषे ठेवणं ही या महोत्सवाची ओळख बनली. ९ जुलै २०१३ रोजी त्या गेल्या. लग्नाला सत्तर वर्षं व्हायला थोडेच दिवस उरले होते.

गाण्यांनी नदी स्वच्छ झाली, हे जरा जास्तच होत नाही का?

होतं, आणि पीटनी स्वतः असा दावा कधी केला नाही. नदी सुधारली ती अनेकांच्या कामामुळे, आणि ती नावं सांगायलाच हवीत.

स्टॉर्म किंग डोंगराला पोखरून वीजप्रकल्प उभारायची योजना वीज कंपनीने १९६२ साली मांडली. १९६३ साली ‘सीनिक हडसन’ ही संस्था त्याविरुद्ध उभी राहिली. १९६५ सालच्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की निसर्गसौंदर्यासाठीही नागरिकांना दाद मागता येते. अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्याची ही पायाभरणी मानली जाते. तडजोड होऊन प्रकल्प कायमचा मागे घेतला गेला तो १९८० साली. दुसरीकडे १९६६ साली मासेमारांनी, पत्रकार रॉबर्ट बॉयल यांच्या पुढाकाराने, आपली संघटना काढली. एकोणिसाव्या शतकातला एक विसरलेला कायदा शोधून त्यांनी नदीत घाण सोडणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. त्यातूनच पुढे ‘रिव्हरकीपर’ ही संस्था आली. आणि १९७२ साली देशपातळीवर स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी जो प्रचंड पैसा आला तो या कायद्यामुळे. नदीचं पाणी प्रत्यक्षात बदललं ते त्या केंद्रांनी.

मग गाण्यांचं आणि गलबताचं काय? माझं मत असं की कायदा होण्यासाठी आणि झालेला कायदा टिकण्यासाठी मागे माणसं लागतात, आणि ती एकदा जमून भागत नाही. खटला पंधरा वर्षं चालतो. गाळ उपसायचा निर्णय व्हायला पंचवीस वर्षं लागतात. इतका काळ माणसं नुसत्या रागावर टिकत नाहीत. त्यांना एकत्र येण्यात आनंद वाटावा लागतो. तो आनंद पुरवण्याचं काम वकील आणि शास्त्रज्ञ करू शकत नव्हते. ते या गलबताने केलं.

ते न दिसणारं विष कोणतं?

पीसीबी नावाची रसायनं. फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात ती नदीत गेली. सरकारी अंदाज १३ लाख पौंडांपर्यंतचा आहे, म्हणजे जवळपास ५९० टन. ही रसायनं विजेच्या कपॅसिटरमध्ये वापरायची. ती पाण्यात विरघळून निघून जात नाहीत. तळाच्या गाळात बसतात, गाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत जमत जातात. कर्करोगाशी त्यांचा संबंध मानला जातो. १९७६ साली हडसनमधली स्ट्राइप्ड बास माशाची व्यावसायिक मासेमारी बंद झाली आणि पिढ्यान् पिढ्यांचा धंदा बुडाला.

१९८४ साली नदीचा सुमारे ३२० किलोमीटरचा पट्टा देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेला. गाळ उपसा, अशी मागणी क्लिअरवॉटर आणि इतर संस्थांनी लावून धरली. कंपनीने उपसण्याविरुद्ध जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. वरच्या भागातल्या काही रहिवाशांचाही उपशाला विरोध होता, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. बसलेला गाळ ढवळला तर विष पुन्हा पाण्यात येईल, असं त्यांना वाटे. २००२ साली केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने उपसण्याचा निर्णय दिला. काम २००९ ते २०१५ चाललं आणि २० लाख घनमीटरहून जास्त गाळ निघाला. तेवढं पुरेसं आहे का, यावर अजून वाद सुरू आहे. नदीसाठी काम करणाऱ्या संस्था म्हणतात की माशांमधलं प्रमाण अपेक्षेइतकं घटलेलं नाही.

आज हडसनमध्ये पोहता येतं का? मासे खाता येतात?

पोहणं बऱ्याच ठिकाणी येतं. पीटच्या कल्पनेतून २००७ साली बीकनला नदीतच तरंगता तलाव सुरू झाला. तळाला जाळी असलेला, नदीचंच पाणी आत-बाहेर वाहणारा, लहान मुलांनाही सुरक्षित. मात्र मोठ्या पावसानंतर जुन्या गटारांतून पावसाचं पाणी आणि मैला एकत्र नदीत येतो. अशा वेळी पाण्यात न उतरणं बरं.

माशांच्या बाबतीत उत्तर वेगळं आहे. हडसन फॉल्सपासून ट्रॉयच्या धरणापर्यंत पकडलेला मासा परत सोडायचा, असा नियम आहे. खालच्या भागात कोणता मासा किती खावा याच्या सूचना राज्याचा आरोग्य विभाग देतो. बायका आणि लहान मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत. नदीकाठी गळ टाकायची हौस असेल तर त्या आधी वाचा.

उतारवयातही ते सक्रिय होते का?

अगदी शेवटपर्यंत. नव्वदाव्या वाढदिवसाला, ३ मे २००९ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठमोठे कलाकार त्यांच्यासाठी गायले आणि जमलेला निधी क्लिअरवॉटरला गेला. बीकनच्या शाळकरी मुलांबरोबर केलेल्या ‘टुमॉरोज चिल्ड्रेन’ या २०१० सालच्या अल्बमला मुलांच्या संगीताचं ग्रॅमी मिळालं. ऑक्टोबर २०११ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, दोन काठ्या टेकत ते ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’च्या तरुणांबरोबर रात्री ब्रॉडवेवरून चालले.

सप्टेंबर २०१३ मध्ये शेतकऱ्यांसाठीच्या ‘फार्म एड’ कार्यक्रमात त्यांनी वुडी गथ्रींच्या गाण्याला स्वतःचं एक कडवं जोडलं. खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीपासून न्यूयॉर्क राज्य मुक्त राहावं, असं त्यात होतं. आवाज तोवर अगदी विरला होता, पण श्रोत्यांनी तो उचलून धरला. चार महिन्यांनी ते गेले. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य सरकारने त्या पद्धतीवर बंदीचा निर्णय जाहीर केला.

बॉब डिलनच्या गिटारची वायर त्यांनी कुऱ्हाडीने तोडली होती का?

नाही. १९६५ सालच्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेचं गिटार घेऊन गायले, तेव्हा आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते. माझ्याकडे कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती, असं ते चिडून म्हणाले होते. विजेच्या गिटारला विरोध नव्हता, हे त्यांनी नंतर कैक वेळा स्पष्ट केलं.

भारताशी त्यांचा काही संबंध होता का?

होता. १९६३-६४ साली तोशी आणि मुलांना घेऊन त्यांनी जगप्रवास केला, त्यात ते भारतात येऊन गायले. १९९६ साली पुन्हा आले. ‘रघुपती राघव राजाराम’ त्यांनी शिकून घेतलं होतं आणि साठच्या दशकात ते आपल्या कार्यक्रमांत गात. आज आपण म्हणतो ती त्याची चाल पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांची मानली जाते. पलुसकर कुरुंदवाडचे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या माणसाने बांधलेली चाल हडसनकाठचा माणूस बँजोवर वाजवत होता, याचा मला फार आनंद वाटतो.

दुसरा धागा ‘हम होंगे कामयाब’चा. मूळ गाणं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गीतपरंपरेतलं. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन इथे तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायकांनी ते गायलं. त्यांच्याकडून ते टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या शाळेच्या झिल्फिया हॉर्टन यांनी घेतलं आणि त्यांच्याकडून पीटनी. पीटनी त्यात थोडे बदल केले, कडवी जोडली आणि ते सगळीकडे नेलं. १९६० साली गाय कॅरावान यांनी ते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ते त्या चळवळीचं गीत झालं. हिंदी रूप गिरिजाकुमार माथुर यांचं. आपल्या शाळांमध्ये आणि मोर्चांमध्ये ते आजही गायलं जातं.

हे इंग्रजी गाणं आमच्या कार्यक्रमात गायला परवानगी लागते का?

२०१८ साली अमेरिकेत कोर्टातल्या तडजोडीनंतर ते सार्वजनिक मालकीचं झालं. त्याआधी हक्क पीट आणि इतर तिघांच्या नावावर होते, पण त्या पैशातला पैही त्यांनी घेतला नाही. सगळं मानधन हायलँडरमार्फत चालणाऱ्या निधीत, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या कामासाठी जात असे. पीटच्या बाकीच्या रचनांचे हक्क मात्र लागू आहेत. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर रीतसर परवानगी घ्या.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

८ जून १९६३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीपासून. लोकांकडून गाऊन घेणं म्हणजे काय, ते तिथे पूर्ण कळतं. मग ‘गॉड ब्लेस द ग्रास’. घरात लहान मुलं असतील तर थेट ‘टुमॉरोज चिल्ड्रेन’ लावा, इंग्रजी अवघड नाही.

मी न्यू जर्सीत राहतो/राहते. क्लिअरवॉटरवर जाता येईल का?

येईल. जर्सी सिटी, होबोकनच्या मराठी मंडळींना तर हडसन रोज दिसते. वसंतापासून पानगळीपर्यंत बोट नदीवर असते आणि शाळांच्या फेऱ्यांशिवाय सर्वांसाठीही फेऱ्या असतात. वेळापत्रक संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं, जागा लवकर भरतात. हिवाळ्यात डागडुजी चालते, त्यासाठीही स्वयंसेवक लागतात, आणि सुतारकामाची आवड असणाऱ्याला तिथे भरपूर शिकायला मिळतं.

बीकन बघायचं तर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन मार्गाची गाडी घ्या, साधारण दीड तास. जाताना डाव्या हाताच्या खिडकीत बसा, जवळजवळ सगळा रस्ता नदीकाठाने आहे. पीट आणि तोशी यांच्या नावाची बाग स्टेशनला लागूनच आहे. डब्याचं सामुदायिक जेवण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ठेवायची पद्धत आहे. निघण्याआधी क्लबकडे खात्री करून घ्या आणि चार माणसांना पुरेल असं काहीतरी घरून करून न्या.